खेड्यावरच्या एसटीत रोज ये-जा करताना पाळायच्या रीती

शिक्षक, परिचारिका किंवा ग्रामसेवक म्हणून विदर्भातील एखाद्या खेड्यात नव्याने रुजू झालेल्या आणि तालुक्याहून रोज एसटीने ये-जा करणाऱ्या माणसाला सहप्रवाशांच्या काही सवयी सुरुवातीला चमत्कारिक वाटतात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी आहेत. दिवसाला मोजक्याच फेऱ्या असलेल्या मार्गावर सर्वांची सोय लागावी म्हणून त्या रुळल्या आहेत, आणि त्या समजून घेऊन आपणही पाळाव्यात असे मला मनापासून वाटते.

पहिली सवय रुमाल टाकण्याची. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडक्यांतून रुमाल, दुपट्टे आणि पिशव्या आत पडू लागतात आणि ज्या आसनावर वस्तू पडली ते आसन धरले गेले, असे सगळेच मानतात. आपल्यालाही रुमाल टाकायचा असेल, तर गाडी पूर्ण थांबल्यावर, स्वतःसाठी आणि फार तर सोबतच्या एका माणसासाठी टाकावा; महिला व दिव्यांगांसाठी राखीव असे लिहिलेली आसने मात्र सोडावीत. दुसऱ्याचा रुमाल सरकवून बसणे येथे फार वाईट दिसते. गाडी सुटेपर्यंत धनी आलाच नाही, तर शेजाऱ्यांना विचारून बसावे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट लागते, त्यामुळे बाजाराच्या दिवशी म्हातारी माणसे आणि बायाबापड्या मोठ्या संख्येने गाडीत असतात. त्यांच्यापुढे रुमालाचा हक्क सांगू नये.

बसायला जागा मिळाली की उभ्या माणसाची पिशवी, कधी डबा, तर कधी चक्क लेकरू आपल्या मांडीवर येते. ‘थोडं धरता का जी?’ एवढेच विचारले जाते आणि उत्तराची वाटही पाहिली जात नाही. अशा वेळी सामान घ्यावे, ते कोणाचे आहे आणि तो कोठे उतरणार आहे हे लक्षात ठेवावे, आणि त्याचे गाव जवळ आले की आपणच हाक द्यावी.

‘कोण्या गावचे जी?’ या प्रश्नाला तुटक उत्तर देऊ नये. गाव, खाते आणि मुक्काम सांगून टाकावा. पगाराची चौकशी झालीच, तर ‘पुरतो जी’ एवढे पुरेसे असते. या चौकशीतूनच आपली ओळख गाडीभर पसरते आणि एखाद्या सकाळी आपण फाट्यावर दूरवरून धावत येत असताना ‘थांबा जी, मास्तर येऊन राहिले’ असे चालकाला सांगणारा माणूस आपल्याला मिळतो. आडमार्गावर पुढची गाडी चार तासांनी असेल, तर या एका हाकेवर आपला दिवस अवलंबून असतो.

वर्धा किंवा वैनगंगेचा पूल आला की अनेक प्रवासी हात जोडतात आणि पाण्यात नाणे टाकतात. खिडकीजवळ आपण असलो, तर जरा मागे सरून त्यांना वाट द्यावी. समोरून वाहन येत असताना मात्र कोणालाही हात बाहेर काढू देऊ नये.

उन्हाळ्यात सावलीची बाजू धरण्यासाठी जुने प्रवासी आधीच हिशेब करतात आणि तो शिकण्यासारखा आहे. सकाळी दक्षिणेकडे, म्हणजे नागपूरहून चंद्रपूरकडे जाताना ऊन डावीकडून येते, म्हणून उजवीकडे बसावे. संध्याकाळी परततानाही सूर्य पश्चिमेला कललेला असल्यामुळे उजवीच बाजू सावलीत राहते. खिशात कांदा ठेवण्याची रीतही दिसेल. कांद्याने ऊन टळत नाही, पण त्यावरून कोणाशी वाद घालू नये. डोक्याला दुपट्टा बांधावा आणि पाणी भरपूर ठेवावे.

शेवटी डब्याविषयी. शिकायला तालुक्याला राहिलेल्या मुलासाठी आई गाडीतल्या ओळखीच्या माणसाजवळ डबा देते. ही जबाबदारी आपल्याकडे आली, तर मुलाचे नाव व फोन नंबर पिशवीवर लिहून घ्यावा, तो स्थानकावर कोठे उभा राहील हे ठरवून घ्यावे, आणि डबा मांडीवर सरळ धरावा, कारण त्यात बहुधा वरण असते.