नवा गेम घेतलात? पहिले दोन तास खेळू नका, तपासा

मोठ्या गेमची किंमत आता चार-पाच हजारांच्या घरात गेली आहे आणि रिलीजच्या दिवशी हाती पडतं ते बऱ्याचदा अर्धकच्चं. १० डिसेंबर २०२० ला आलेला 'सायबरपंक २०७७' सोनीने आठवडाभरात प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून टाकला. तो परत यायला जून २०२१ उजाडला आणि 'आता कुठे गेम पूर्ण झाला' म्हणावं अशी २.० आवृत्ती आली सप्टेंबर २०२३ मध्ये. त्याआधी २०१५ साली 'बॅटमॅन: आर्कम नाइट'ची पीसी आवृत्ती आल्या आल्या विक्रीतून मागे घ्यावी लागली होती. शिव्या घालून हा प्रकार थांबलेला नाही.

पीसीवर खेळणाऱ्याच्या हातात एक हत्यार मात्र नक्की आहे, ते म्हणजे स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचा परतावा. खरेदीला १४ दिवस झालेले नसावेत आणि खेळलेला वेळ दोन तासांपेक्षा कमी असावा, एवढ्याच अटी. कारण काहीही चालतं, 'आवडला नाही' हेसुद्धा. गंमत अशी की बहुतेकांचे हे दोन तास पात्राचे केस निवडण्यात आणि सुरुवातीचे लांबलचक प्रसंग बघण्यात संपतात आणि गेमची खरी लायकी कळते तिसऱ्या तासाला.

घड्याळ कधी चालतं

डाउनलोड मोजला जात नाही. गेमचा प्रोग्राम चालू झाला की मोजणी सुरू. मेन्यूत बसलात, पॉज करून जेवायला गेलात, शेडर (चित्र काढण्यासाठी ग्राफिक्स कार्डाला लागणारे छोटे प्रोग्राम) तयार होईपर्यंत टक्केवारी बघत राहिलात, तरी घड्याळ चालूच असतं. मार्च २०२३ मध्ये पीसीवर आलेल्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' ने लोकांना इथेच पकडलं. कित्येकांच्या मशीनवर पहिल्यांदा शेडर तयार व्हायलाच अर्धा-पाऊण तास, काहींना त्याहूनही जास्त वेळ लागला आणि तो सगळा 'खेळलेला वेळ' म्हणून जमा झाला.

जास्त पैसे भरून काही दिवस आधी खेळायला मिळणाऱ्या महागड्या आवृत्त्यांबाबत एप्रिल २०२४ पासून नियम बदलला आहे. त्या आगाऊ दिवसांत खेळलेला वेळही आता दोन तासांत धरला जातो. साधी प्री-ऑर्डर रिलीजआधी कधीही रद्द करता येते, पण मुळात ती करायचीच कशाला? डिजिटल माल संपत नाही.

विकत घेण्याआधी दुकानाचं पान वाचा

ट्रेलर सोडा, उजव्या बाजूच्या बारीक चौकटी वाचा. वेगळ्या कंपनीचं अकाउंट लागतं का, डेनुवो (नक्कल रोखणारं कुलूप) आहे का, कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, शिरणारं अँटी-चीट (खेळातली लबाडी रोखणारा प्रोग्राम) आहे का, हे तिथे लिहिलेलं असतं. डेनुवो असलेल्या गेमला पहिल्यांदा आणि नंतरही अधूनमधून इंटरनेट लागतं. काही प्रकाशक ते काही महिन्यांनी स्वतःच काढून टाकतात, म्हणजे थांबण्याला आणखी एक कारण.

मग सिस्टिम रिक्वायरमेंट्स. इथे आकड्यांपेक्षा त्यांच्या शेजारची ओळ महत्त्वाची. 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स' ने २०२५ मध्ये शिफारस केलेल्या मशीनवर १०८०पी (फुल एचडी) ला ६० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं), मिळतील असं सांगितलं, पण फ्रेम जनरेशन चालू धरून. म्हणजे त्या साठातल्या बऱ्याच फ्रेम गेमने काढलेल्या नाहीत, दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये घुसवलेल्या आहेत. चित्र गुळगुळीत दिसतं, पण माउसला मिळणारा प्रतिसाद मूळच्या कमी एफपीएसचाच राहतो. मूळ ५०-६० एफपीएस मिळत असतील तर फ्रेम जनरेशन चांगली सोय आहे. मूळ तीसच मिळत असतील तर हात चिखलात अडकल्यासारखा वाटतो. तेव्हा रिक्वायरमेंट्समध्ये 'फ्रेम जनरेशन' किंवा 'अपस्केलिंग' (लहान चित्र काढून ते मोठं करून दाखवणं) हे शब्द दिसले की आपलं मशीन एक पायरी खाली धरा.

ग्राफिक्स कार्डची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, स्वतंत्र तपासा. लॅपटॉपच्या आरटीएक्स ३०५० मध्ये बहुधा ४ जीबी असते, ४०५० मध्ये ६, ४०६० मध्ये ८. जीटीएक्स १६५० वाल्यांनी आणखी एक बघायचं: 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि 'डूम: द डार्क एजेस' यांना रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब करून उजेड-सावल्या काढणं) करणारं हार्डवेअर सक्तीचं आहे. सेटिंग कितीही खाली आणा, त्या कार्डावर गाडी पुढे सरकणार नाही.

रिव्ह्यू वाचताना एकूण टक्केवारी सोडून द्या. 'रीसेंट' लावा आणि आपल्याच कार्डाचं नाव लिहिलेले पाच-सहा रिव्ह्यू शोधा. 'आरटीएक्स ४०९० वर मस्त चालतो' ही माहिती आपल्या कामाची नाही.

गेम सुरू करण्याआधीची तयारी

ही सगळी कामं घड्याळाच्या बाहेर होतात, म्हणून आधीच उरका.

डाउनलोडचा हिशोब सोपा आहे. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा एमबी उतरतात, म्हणजे १०० जीबीच्या गेमला सव्वादोन तास. ५० एमबीपीएसवर साडेचार. गती फारच कमी दिसली तर स्टीमच्या सेटिंग्जमध्ये 'डाउनलोड्स'खाली प्रदेश मुंबई आहे का ते बघा. जागा गेमच्या आकारापेक्षा निदान २५-३० जीबी जास्त मोकळी ठेवा, कारण पॅच (गेमची दुरुस्ती) लावताना स्टीम मोठ्या फायली नव्याने लिहितो. हार्ड डिस्कवर गेम टाकू नका, एसएसडीच हवी. हार्ड डिस्कवाल्यांच्या सोयीसाठी एकच माल पुन्हा पुन्हा भरला की आकार किती फुगतो, हे 'हेलडायव्हर्स २' ने दाखवलं: पीसीवर सुमारे १५० जीबी व्यापणारा हा गेम २०२५ च्या अखेरीस जेमतेम २३ जीबीवर आणला गेला.

ग्राफिक्स ड्रायव्हर पहिल्यांदा गेम उघडण्याआधीच अद्ययावत करा. मध्येच बदललात तर तयार झालेले शेडर बाद होतात आणि ते दळण पुन्हा दळावं लागतं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज'खाली 'शेडर कॅशे साइझ' १० जीबी करून ठेवा. जागा कमी पडली की जुने शेडर फेकले जातात आणि अडखळणं परत सुरू होतं.

लॅपटॉपवाल्यांनी टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स' आणि त्यात 'मेमरी'वर जावं. 'स्लॉट्स यूज्ड' समोर दोनपैकी एक दिसलं तर रॅमची एकच कांडी आहे. आपल्याकडे विकले जाणारे बरेच गेमिंग लॅपटॉप असेच येतात आणि त्यापायी प्रोसेसर अडतो. तेवढ्याच क्षमतेची दुसरी कांडी बसवली की अडखळणं बरंच कमी होतं. यात गेमचा दोष नसतो, म्हणून परताव्याआधी हे बघून घ्यायचं. चार्जर लावलेला असावा आणि पॉवर मोड 'परफॉर्मन्स'वर असावा, हे वेगळं सांगायला नको.

दोन तासांची तपासणी

मोबाइलवर ९० मिनिटांचा गजर लावा. उरलेला अर्धा तास हातचा राखून ठेवायचा.

पहिल्यांदा सुरू केल्यावर शेडर तयार होऊ द्या, मधे बंद करू नका. किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. मग स्टीमचा स्वतःचा परफॉर्मन्स मॉनिटर चालू करा ('सेटिंग्ज'मध्ये 'इन गेम'खाली मिळेल). तो खऱ्या आणि जनरेट केलेल्या फ्रेम वेगळ्या दाखवतो. सरासरी एफपीएसवर जाऊ नका, आलेखातले काटे बघा. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदात यायला हवी. मधूनच एखादी ८०-१०० ला गेली की डोळ्याला झटका जाणवतो, मग सरासरी कितीही गोंडस असो.

पहिल्या ग्राफिक्स सेटिंगला पाच मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. टेक्स्चर व्हीरॅमप्रमाणे: ४ जीबीला लो, ६ ला मीडियम, ८ ला मीडियम किंवा हाय. रे ट्रेसिंग बंद. सावल्या आणि व्हॉल्युमेट्रिक धुकं मीडियम, कारण हे दोघे सगळ्यात जास्त खातात आणि कमी केले तर सहज लक्षातही येत नाही. डीएलएसएस किंवा एफएसआर (अपस्केलिंगचे प्रकार) 'क्वालिटी'वर. फ्रेम जनरेशन तूर्त बंद. फिल्म ग्रेन, मोशन ब्लर बंद केल्याने वेग फारसा वाढत नाही, पण दोष स्पष्ट दिसतात.

आता सुरुवातीची बंदिस्त खोली लवकरात लवकर ओलांडा, प्रसंग वगळता येत असतील तर वगळा. पहिलं मोकळं गाव, गर्दीची जागा किंवा मोठी लढाई गाठायची. तिथे अडखळणं दिसलं तर ते कोणत्या जातीचं आहे ते ओळखा. पुढचा सगळा निर्णय यावरच अवलंबून आहे.

त्याच वाटेने मागे जाऊन पुन्हा या. दुसऱ्या फेरीत झटके गेले, तर दोष शेडरचा. डायरेक्टएक्स १२ या विंडोजच्या ग्राफिक्स यंत्रणेवरच्या गेममध्ये हे शेडर आधीच तयार करून ठेवणं ही बनवणाऱ्यांची जबाबदारी असते. ती टाळली की प्रत्येक नवा स्फोट, नवा शत्रू पहिल्यांदा दिसताना झटका बसतो. त्रासदायक आहे, पण खेळत गेलं की कमी होतो आणि पॅचमध्ये सुधारण्यासारखा असतो.

दुसऱ्या, तिसऱ्या फेरीतही त्याच वळणावर, त्याच दाराशी झटका बसला, तर गेम पुढचा भूभाग डिस्कवरून आणताना अडतो आहे. याला 'ट्रॅव्हर्सल स्टटर' म्हणतात. यावर आपल्या बाजूने कुठलंही सेटिंग चालत नाही आणि महागडं कार्ड घेऊनही तो जात नाही. 'स्टार वॉर्स जेडाय: सर्व्हायव्हर' याच दुखण्यासाठी बदनाम झाला आणि पॅचमागून पॅच येऊनही ते पुरतं गेलं नाही. असा झटका दर मिनिटाला बसत असेल तर गेम परत करा.

तिसरी जात हळूहळू चढणारी. पहिली वीस मिनिटं ठीक, मग एफपीएस घसरत जातात. आधी तापमान बघा. कार्ड किंवा प्रोसेसर नव्वदीच्या पुढे गेला आणि त्याचा क्लॉक (कामाचा वेग) खाली आला, तर कारण उष्णता आहे, विशेषतः मे महिन्यात नागपूर-जळगावकडे बिनएसीच्या खोलीत. लॅपटॉपची मागची बाजू उचलून धरा आणि एफपीएसला मर्यादा घाला: १४४ हर्ट्झच्या (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या) पडद्यावर ४८ किंवा ७२, १२० वर ४०, ६० वर ३०. पडद्याला बरोबर भाग जाणारा आकडा निवडला की कमी एफपीएसही सलग वाटतात. तापमान ठीक असूनही घसरण होत असेल तर टेक्स्चर एक पायरी खाली आणून गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, नुसतं सेटिंग बदलून भागत नाही. सुधारलं तर व्हीरॅम कमी पडत होती. तरीही घसरत राहिला आणि टास्क मॅनेजरमध्ये गेमची रॅम चढतच गेली, तर गेम मेमरी गळतो आहे. हेही आपल्या हातात नाही.

सोबत एकदा सेव्ह करून, बाहेर पडून, पुन्हा लोड करा. कंट्रोलर लावून बघा. एकट्याने खेळायचा गेम असेल तर इंटरनेट काढून एकदा सुरू होतो का ते बघा. 'द क्रू' चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला गेम एकट्याने खेळणाऱ्यांनाही उघडेना. 'कॉनकॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. त्यात निदान सगळ्यांना पैसे परत मिळाले.

गजर वाजला

ठेवायचा की नाही हे ठरत नसेल तर गेम परत करणंच बरं. स्टीममध्ये 'हेल्प', 'स्टीम सपोर्ट', 'परचेसेस', मग गेम निवडून परताव्याचा पर्याय. पैसे मूळ मार्गाने हवेत की वॉलेटमध्ये, ते विचारतात. काही पेमेंट मार्गांवर पैसे उलटे पाठवता येत नाहीत, तेव्हा ते वॉलेटमध्येच जमा होतात. कारणाच्या रकान्यात कार्डाचं नाव, सेटिंग आणि दोष एवढंच लिहा. शेडरमुळे दोन तास थोडे ओलांडले असतील तरी अर्ज करा, मघाशी लिहून ठेवलेली मिनिटं इथे उपयोगी पडतात. मंजुरीची हमी मात्र नाही.

घेतल्यावर दोन-चार दिवसांत सेल लागला तर परत करून स्वस्तात पुन्हा घेणं स्टीमला चालतं, तो गैरवापर धरला जात नाही. एपिक या दुकानातही १४ दिवस आणि दोन तासांचाच नियम आहे. गॉग या दुकानात ३० दिवस मिळतात आणि इंस्टॉलरची फाइल उतरवून स्वतःकडे ठेवता येते. प्लेस्टेशन स्टोअरवर मात्र डाउनलोड सुरू केलात की, गेम सदोष असल्याखेरीज, परतावा नाही. तिथे डिस्क घ्या, नाही आवडली तर विकता तरी येते. दोनशे-तीनशे रुपयांत 'ऑफलाइन अ‍ॅक्टिव्हेशन' देणाऱ्यांपासून, म्हणजे स्वतःच्या अकाउंटवरून गेम चालू करून देणाऱ्यांपासून, लांब राहा. ते अकाउंट विकणाऱ्याचंच राहतं, म्हणजे परतावाही त्याचा आणि कुलूपही त्याचं.

परत केलेला गेम विशलिस्टमध्ये टाका आणि त्याच्या पॅच नोट्सवर लक्ष ठेवा. त्यात शेडर, ट्रॅव्हर्सल, मेमरी हे शब्द नेमके आले आणि तुमच्या कार्डाचे ताजे रिव्ह्यू त्याला दुजोरा देत असतील, तर जून अखेरच्या किंवा डिसेंबरच्या सेलमध्ये पुन्हा घ्यायला हरकत नाही. नुसतं 'स्टॅबिलिटी सुधारली' लिहिलं असेल तर अजून एक पॅच जाऊ द्या.