पोर्ट फॉरवर्डिंग: आधी पत्ता बघा, मग राउटरला हात लावा

भाच्याला मित्रांबरोबर माइनक्राफ्ट खेळायचं होतं आणि सर्व्हर होता माझ्या जुन्या लॅपटॉपवर. बाहेरून एखाद्या पोर्टवर, म्हणजे ठरावीक क्रमांकाच्या दारावर, आलेलं कनेक्शन घरातल्या कुठल्या यंत्राकडे पाठवायचं हे राउटरला नियम लिहून सांगावं लागतं. तेच पोर्ट फॉरवर्डिंग. दोन रात्री मी राउटरमधला तो एकच नियम पुसतोय, पुन्हा लिहितोय. नियम पहिल्यापासून बरोबर होता!

म्हणून सगळ्यात आधी हे बघा. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. लॉगिन करून स्टेटसच्या पानावरचा वॅन आयपी, म्हणजे राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, कागदावर उतरवा. मग आपला आयपी दाखवणारी कुठलीही साइट उघडा. दोन्ही आकडे जुळले तर पुढे चला. माझा वॅन आयपी १००.७२ने सुरू होत होता आणि तिथेच सगळं अडलं होतं. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा सीजीनॅटचा. म्हणजे इंटरनेट कंपनीने बऱ्याच गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेलं असतं. बाहेरून आलेलं कनेक्शन आपल्या राउटरपर्यंत पोचतच नाही, मग नियम काय करणार? कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागायचा. वॅन आयपी १९२.१६८ने सुरू होत असेल तर बहुधा मोडेमही राउटरगिरी करतोय. त्याला ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे तो नुसती लाइन पुढे देईल आणि राउटरचं काम एकाच यंत्राकडे राहील.

आता लॅपटॉपचा आयपी पक्का करा. राउटर घरातल्या यंत्रांना आयपी वाटतो त्या डीएचसीपीच्या पानावर रिझर्व्हेशनमध्ये लॅपटॉपचा मॅक अॅड्रेस (त्याच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) निवडून, समजा, १९२.१६८.१.५० द्या. हे टाळलंत तर कधीतरी रीस्टार्टनंतर आयपी बदलेल आणि नियम भलत्याच यंत्राकडे बोट दाखवेल.

नियम लिहायला दोन मिनिटं. पोर्ट फॉरवर्डिंग हे पान काही राउटरांत 'व्हर्च्युअल सर्व्हर' नावाने लपलेलं असतं. बाहेरचा पोर्ट २५५६५, आतलाही तोच, प्रोटोकॉल टीसीपी, आयपी वर ठरवलेला. सेव्ह. विंडोजच्या फायरवॉलमध्येही तोच पोर्ट उघडा.

तपासताना सर्व्हर चालू हवा, नाहीतर पोर्ट बंदच दिसतो. आणि घरच्या वायफायवरून सार्वजनिक आयपी वापरून बघू नका. कित्येक राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येऊ देत नाहीत. दुसरा लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून बघा.

कंटाळून डीएमझेड चालू करायचा मोह होईल. नको. त्याने त्या यंत्राचे जवळजवळ सगळे पोर्ट बाहेर उघडे पडतात. रिमोट डेस्कटॉपचा (विंडोजचं यंत्र दुरून चालवायची सोय) ३३८९ पोर्टही असा उघडू नका.

भाचा झोपायला गेला की मी नियमासमोरची 'एनेबल'ची खूण काढतो. पुसत नाही, उद्या परत लागतोच.