उपग्रहाच्या गुरुत्व-डेटातून मोहो काढताना या चुका टाळा

मोहोचा, म्हणजे भूकवच आणि प्रावरण यांच्यातल्या सीमेचा, नकाशा करणं आता फार सोपं झालंय, आणि म्हणूनच चुकीचे नकाशेही वाढलेत. आयसीजीईएमच्या (गुरुत्वाची जागतिक मॉडेलं देणाऱ्या केंद्राच्या) साइटवरून गुरुत्वाचं ग्रिड उतरवून घ्यायचं, सोबत उंचीचं ग्रिड, वर तयार प्रोग्रॅम चालवायचा. संध्याकाळपर्यंत ती सीमा रंगीत होऊन पडद्यावर हजर. इन्व्हर्जनला, म्हणजे गुरुत्वावरून मोहोचा आकार काढणाऱ्या उलट्या हिशोबाला, काहीही खायला घाला, ते उत्तर देतंच. चूक दाखवणारा लाल दिवा त्यात कुठेच नसतो.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. उपग्रहाला कळते ती खालच्या सगळ्या वस्तुमानाची मिळून एकच बेरीज. डोंगर, समुद्र, गाळ, बर्फ, गरम प्रावरण, सगळं त्यात आलं. त्यातलं जे वजा करायचं राहिलं, ते सगळं मोहोच्या माथी बसतं. खालच्या बहुतेक चुका ह्या एकाच मुळातून येतात.

आणि एक आकडा भिंतीवर लिहून ठेवा. मोहोपाशी घनतेतला फरक घनमीटरला ४०० किलो धरला, तर मोहो १ किलोमीटर वरखाली झाल्याने गुरुत्वात साधारण १७ मिलीगॅलचा (मिलीगॅल हे गुरुत्वाचं एकक) फरक पडतो. कुठलीही चूक ‘किती महागात पडली’ हे ह्या आकड्याने भागून लगेच कळतं. मी प्रत्येक पायरीला हा भागाकार करते, कागदावर.

अनॉमली की डिस्टर्बन्स?

डाउनलोड करताना यादीत गुरुत्वाचे हे दोन्ही प्रकार असतात आणि नवखा माणूस ओळखीचं नाव दिसतं म्हणून अनॉमली उचलतो. अनॉमलीत प्रत्यक्ष गुरुत्व जिऑइडवर (सरासरी समुद्रसपाटीच्या पातळीवर) आणि सामान्य गुरुत्व (आदर्श पृथ्वीचं, हिशोबाने काढलेलं) एलिप्सॉइडवर (पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारावर) घेतलेलं असतं. डिस्टर्बन्समध्ये दोन्ही एकाच बिंदूवर. वस्तुमानाचा परिणाम काढून इन्व्हर्जन करायचं तर डिस्टर्बन्सच हवा. फरक किती? जिऑइडच्या दर मीटरला सुमारे ०.३०८६ मिलीगॅल. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात जिऑइड एलिप्सॉइडच्या जवळपास १०६ मीटर खाली आहे. म्हणजे तिथे नुसत्या नावाच्या गफलतीने ३३ मिलीगॅल, मोहोत जवळपास २ किलोमीटर. एवढी चूक झालेले नकाशे मी पाहिलेत आणि त्यांच्या खाली कवचाच्या जाडीवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिलेले पाहिलेत.

उलट, टाइड-फ्री आणि झिरो-टाइड (चंद्र-सूर्याच्या कायमच्या ओढीचा परिणाम धरायच्या दोन पद्धती) मॉडेलवरून काही जण आठवडाभर हैराण होतात. तो फरक मिलीगॅलच्या काही शतांशांचा आहे. एकच पद्धत धरा आणि पुढे चला.

गुरुत्व एका बारकाईचं, डोंगर दुसऱ्या बारकाईचे

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर.

एक विद्यार्थी एका डोंगराळ भागाचा नकाशा घेऊन आला. गुरुत्व डिग्री २५० पर्यंतच्या (डिग्री हे मॉडेलच्या बारकाईचं माप) उपग्रह-मॉडेलचं, म्हणजे त्यात ८० किलोमीटरपेक्षा बारीक काही नाहीच. उंचीचं ग्रिड मात्र १ मिनिटाचं, जवळजवळ २ किलोमीटरला एक आकडा. त्याने पूर्ण बारकाईचा डोंगरांचा परिणाम काढला आणि गुरुत्वातून वजा केला. स्मूदिंग अगदी कमी ठेवलेलं, का तर ‘तपशील जाऊ नये’. नकाशात प्रत्येक डोंगररांगेखाली मोहो खोल गेलेला, प्रत्येक दरीखाली वर आलेला. आणि खाली लिहिलेलं: प्रत्येक रांगेला स्वतःचं वेगळं मूळ आहे, एअरीचा समतोल (उंच डोंगराखाली कवच तेवढंच खोल, हा सिद्धांत) इतक्या बारीक पातळीवर सिद्ध होतो.

मी त्याला उंचीचा नकाशा शेजारी ठेवायला सांगितला. दोन्हीतली एकेक दरी जुळत होती. जुळणारच, कारण त्याने डोंगरच उलटा करून मोहोवर छापला होता. दरी आणि कडा यांच्यात २००० मीटरचा फरक असेल तर साध्या स्लॅबच्या (सपाट थराच्या) हिशोबाने २२४ मिलीगॅल होतात. उपग्रहाच्या डेटात ही बारीक लाट मुळात नव्हती, तरी ती त्यातून वजा झाली. उरलं काय, तर उणे चिन्ह लागलेले डोंगर.

त्याचा पटकन विश्वास बसेना, कारण नकाशा दिसायला सुंदर होता आणि समतोलाचा सिद्धांत तर सगळ्या पुस्तकांत असतो. मग आम्ही उलट हिशोब केला. समजा मोहोवर खरंच ३० किलोमीटर लांबीची, १ किलोमीटर उंचीची लाट आहे आणि मोहो ३५ किलोमीटर खोल आहे. तिचा परिणाम पृष्ठभागापर्यंत येईतो दीड हजार पटींनी कमी होतो, उरतात ०.०११ मिलीगॅल. गुरुत्व मोजणाऱ्या गोचे उपग्रहाचं उद्दिष्टच १०० किलोमीटरच्या बारकाईला १ मिलीगॅल अचूकतेचं होतं, आणि तो २५५ किलोमीटर उंचीवरून मोजत होता. मग ह्या लाटा त्याला दिसल्या कशा? ह्या प्रश्नावर तो गप्प झाला, आणि मग स्वतःच उठून स्पेक्ट्रम (कुठल्या लांबीच्या लाटेत किती ऊर्जा, याचा आलेख) काढायला बसला. डिग्री २५० च्या पुढे गुरुत्वात शून्य ऊर्जा, बूगे अनॉमलीत (डोंगरांचा परिणाम वजा केल्यावर उरलेल्या गुरुत्वात) मात्र भरपूर. ती सगळी उंचीच्या ग्रिडमधून आलेली.

उपाय सोपा आहे. डोंगरांचा गुरुत्वीय परिणाम पूर्ण बारकाईने काढा, मग तो गुरुत्व-मॉडेलच्याच डिग्रीवर, त्याच फिल्टरने कापा, आणि नंतरच वजा करा. बरेच जण आधी उंचीचं ग्रिड गुळगुळीत करतात आणि मग परिणाम काढतात. ते मला पटत नाही. उंची आणि तिचा परिणाम यांचं नातं सरळ रेषेतलं नाही, त्यामुळे दोन्ही वाटांनी तंतोतंत तेच उत्तर येत नाही. वजाबाकीनंतर बूगे नकाशा आणि उंचीचा नकाशा शेजारी लावून पाहायची सवय मी सोडलेली नाही. लांब लाटांमध्ये दोन्ही उलटे दिसणं योग्यच, तो खरा समतोल आहे. दऱ्यादऱ्या ओळखू यायला लागल्या की थांबा.

ह्याच जातीची दुसरी फसगत ईजीएम २००८ ह्या जागतिक गुरुत्व-मॉडेलमध्ये आहे. डिग्री २१९० वाचून लोक हरखतात. पण जिथे जमिनीवरची चांगली मोजमापं मिळाली नव्हती, तिथे त्यातला बारीक तपशील उंचीच्या नकाशावरूनच भरलेला आहे. तिथे बारकाईचा शोध घेणं म्हणजे डोंगरातून डोंगर वजा करणं. मोहोसाठी शुद्ध उपग्रह-मॉडेल पुरेसं असतं; मोहो इतका खोल आहे की जादा बारकाईचा उपयोगच नाही.

गाळ विसरणं

५ किलोमीटर गाळ, आसपासच्या खडकापेक्षा घनता ३०० किलोने कमी: ६३ मिलीगॅलची तूट. ती वजा केली नाही तर मोहो जवळजवळ ४ किलोमीटर खोल दिसतो. ताणून पातळ झालेल्या कवचावर जी गाळाची खोरी बनतात, त्यांच्याखाली मोहो प्रत्यक्षात वर आलेला असतो. म्हणजे इथे नुसता आकडाच चुकत नाही, निष्कर्षाची दिशाही उलटते. बंगालच्या उपसागरात तर गाळ १५ किलोमीटरच्याही पुढे जातो. तिथे वरपासून खालपर्यंत एकच घनता वापरणं ही पुन्हा वेगळी चूक, कारण खालचा गाळ दाबून खडकाइतका घट्ट झालेला असतो आणि तूट मुख्यतः वरच्या काही किलोमीटरांत असते. निदान तीन थर करा.

ह्यांना एकेक ओळ पुरे

मॉडेल डिग्री २५० चं आणि ग्रिड ०.०५ अंशाचं घेतलं म्हणून बारकाई वाढत नाही, फक्त फाइल मोठी होते.

अंटार्क्टिकात बर्फाचा पृष्ठभाग हाच खडक धरला, तर ३ किलोमीटर बर्फाला २२० मिलीगॅल, मोहोला १३ किलोमीटर.

समुद्रावर घनता खडकाची २६७० नव्हे, २६७० वजा पाण्याची १०३० वापरा.

अभ्यासाच्या भागाच्या चारही बाजूंना किमान ५ अंश जास्तीचा डेटा घ्या. उपग्रहाचा डेटा जगभर फुकट मिळत असताना कडेला खोटे उंचवटे येऊ देण्याला काही सबब नाही.

मोठ्या भागावर सपाट पृथ्वीची सूत्रं वापरू नका, टेसेरॉइड (पृथ्वीच्या गोलाईसकट कापलेले तुकडे) वापरा.

z (उभा अक्ष) वर धन की खाली धन, हे पहिल्या ओळीत लिहा.

इन्व्हर्जनची घाई

पार्कर आणि ओल्डेनबर्ग यांची इन्व्हर्जनची पद्धत वेगवान आहे, म्हणून नवख्यांची आवडती. पण गुरुत्व पृष्ठभागावरून मोहोच्या खोलीवर न्यायचं म्हणजे लहान लाटा फुगवायच्या. मोहो ३५ किलोमीटरवर असेल, तर १०० किलोमीटरची लाट ९ पट फुगते, ५० किलोमीटरची ८१ पट. सोबत त्या लाटेतला आवाजही (मोजमापातला गोंधळही) तेवढाच फुगतो. म्हणून फिल्टर किंवा स्मूदिंग कुठे लावायचं हा निर्णय शोभेचा नसून उत्तराचा अर्धा भाग आहे. लोक तो प्रोग्रॅमच्या डिफॉल्टवर सोडतात. तो डिफॉल्ट कोणीतरी त्यांच्या भागासाठी, त्यांच्या डेटासाठी ठेवलेला असतो. मी बनावट मोहो घेऊन आधी सगळी साखळी चालवते: माहीत असलेला आकार, त्याचं गुरुत्व, त्यात थोडा आवाज, मग इन्व्हर्जन. ठरवलेला आकार परत मिळेपर्यंत खऱ्या डेटाला हात लावत नाही. पहिल्याच दिवशी खरा नकाशा हवा असणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. त्यांच्याकडून नंतर ‘मोहो २० किलोमीटरवरून ६० वर उडी मारतोय, काय करू?’ असे निरोप येतात.

संदर्भखोली, घनतेतला फरक आणि खोटी पडताळणी

गुरुत्वाला मोहोची खोली कळत नाही. त्याला कळतो तो घनतेतला फरक आणि उंचसखलपणा यांचा गुणाकार, तोही एका मानलेल्या खोलीभोवती, म्हणजे संदर्भखोलीभोवती. तिबेटच्या पठारावर बूगे अनॉमली उणे ५०० मिलीगॅलच्या आसपास आहे. संदर्भखोली ३५ किलोमीटर धरा आणि ढोबळ हिशोब करा. फरक ३०० घेतलात तर मोहो ७५ किलोमीटरवर, ४०० घेतलात तर ६५, ५०० घेतलात तर ५९. डेटा तोच, जुळणी तितकीच चांगली. ह्यातलं योग्य कुठलं, हे फक्त भूकंपलहरी सांगू शकतात. १९०९ मध्ये मोहोरोविचिच यांनी ही सीमा शोधली तीही भूकंपलहरींवरूनच.

म्हणून संदर्भखोली आणि घनतेतला फरक हे दोन आकडे रिसीव्हर फंक्शन आणि रिफ्रॅक्शनच्या (भूकंपलहरींवरून मोहो मोजायच्या दोन पद्धती) बिंदूंवर बेतायचे असतात. इथवर बहुतेकांना माहीत असतं. घोटाळा पुढे होतो.

एकदा माझ्याकडे तपासायला आलेल्या कामात पडताळणीचा आलेख फारच देखणा होता, सगळे बिंदू रेषेला चिकटलेले. खोदून पाहिलं तर गाळाची जाडी क्रस्ट १.० ह्या भूकवचाच्या तयार जागतिक मॉडेलमधून, संदर्भखोली क्रस्ट १.० च्या सरासरीतून, घनतेतला फरक क्रस्ट १.० शी जुळेपर्यंत बदललेला, आणि शेवटी पडताळणी कशाशी? क्रस्ट १.० शी. भर म्हणजे त्या भागात अंटार्क्टिकाचा मोठा तुकडा होता. भूकंपमापनाचा डेटा नाही अशा अंटार्क्टिकासारख्या ठिकाणी क्रस्ट १.० मधली कवचाची जाडी गुरुत्वावरूनच अंदाजलेली आहे. गुरुत्व गुरुत्वाशी जुळलं, ह्यात नवल कसलं? लेखकाने मेहनत खूप केली होती, आणि ती मेहनत अशी वाया गेलेली पाहून मला खरोखर वाईट वाटलं. मी लिहिलं की तो आलेख काढून टाका, मूळ स्टेशनांचे बिंदू गोळा करा आणि पुन्हा करा. त्याने केलं. फरक वाढला, रेषा विस्कटली, आणि काम प्रामाणिक झालं.

माझी सवय अशी: भूकंपमापनाचे बिंदू हाती आले की इन्व्हर्जनच्या आधीच त्यातले काही वेगळ्या फाइलमध्ये टाकायचे आणि शेवटपर्यंत ती फाइल उघडायची नाही. वेगळे काढलेले बिंदू एका कोपऱ्यातले नकोत. पठार, खोरं, किनारा, सगळीकडचे हवेत. आणि ह्या बिंदूंमध्येही २-३ किलोमीटरची चूक असू शकते हे लक्षात असू द्या; तुमची जुळणी त्याहून चांगली आली, तर आनंद करण्याआधी संशय घ्या.

शेवटी ती फाइल उघडली की सरासरी फरकाचा एक आकडा छापून मोकळे होऊ नका. फरक नकाशावर मांडा. ते खोऱ्यांत गोळा झाले असतील तर गाळाच्या घनता तपासा. जुन्या, जाड कवचाच्या भागात असतील तर तिथे तळाशी जड खडकाचा थर असू शकतो. तिथे मोहोपाशी घनतेतला फरक ४०० नसतो, बराच कमी असतो. मध्य-महासागरी कटकांवर (समुद्रतळावरच्या लांब डोंगररांगांवर) कवच जाड दिसत असेल तर खालच्या गरम प्रावरणाची दुरुस्ती राहिली आहे. ती १०० मिलीगॅलच्या पुढे जाते, आणि तिच्याशिवाय ७ किलोमीटरच्या सागरी कवचाबद्दल काहीच बोलता येत नाही. आणि सगळीकडे एकाच दिशेने सारखाच फरक पडत असेल तर ती संदर्भखोली आहे. तिथून पुन्हा सुरुवात करा, आणि नवी पडताळणी नव्या बिंदूंवर घ्या, कारण ती फाइल आता उघडलेली आहे.