‘थ्रोझ’ लिहिताना या चुका टाळा

परळच्या माझ्या इंग्रजीच्या वर्गात 1982 च्या गिरणी संपावर निबंध दिला होता. एका मुलीने लिहिलं, ‘गिरणगाव वॉज इन द थ्रोझ ऑफ अ स्ट्राइक’, म्हणजे गिरणगाव संपाच्या कळा सोसत होतं. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर, घराघरात चूल पेटायची भ्रांत. त्या दिवसांना याहून नेमका शब्द मलाही सुचला नसता. फक्त स्पेलिंग तिने फेकण्याच्या ‘थ्रो’चं केलं होतं. मी डब्ल्यू खोडून ई केला, बाकी वाक्याला हात लावला नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती इथेच. उच्चार तोच, स्पेलिंग मात्र टी-एच-आर-ओ-ई-एस. मोबाइल लाल रेघ मारेल या भरवशावर राहू नका, कारण डब्ल्यूवालाही शब्द इंग्रजीत आहेच.

दुसरी चूक अर्थाची. शब्दकोशात ‘तीव्र वेदना’ एवढंच वाचून मुलं ‘गुडघ्यात थ्रोझ आहेत’ असं लिहितात. गुडघ्याला साधा ‘पेन’ पुरे. थ्रोझ म्हणजे आपल्या कळा! बाळंतपणाच्या कळांनाही हाच शब्द आणि मरणकळांनाही. त्यांना ‘डेथ थ्रोझ’ म्हणतात. आपल्या भाषेतही जन्माला आणि मरणाला ‘कळा’च. हे एकदा मनात बसलं की बाकीचं आपसूक जमतं. कळा एकामागून एक येतात, म्हणून इंग्रजीतही जवळपास नेहमी अनेकवचनच. आणि कळांच्या शेवटी काहीतरी जन्मतं, संपतं किंवा पालटतं. म्हणून संप पेटलेला असतानाचं गिरणगाव ‘इन द थ्रोझ’. गिरण्या बंद पडल्यावर कामगारांनी हक्काच्या घरांसाठी वर्षानुवर्षं घातलेले हेलपाटे सांगायचे, तर तिथे मी ‘स्ट्रगल’च लिहीन.

‘इन द थ्रोझ ऑफ’मधला ‘द’ गाळू नका, ‘ऑफ’च्या जागी ‘विथ’ घालू नका. पुढे नाम किंवा आयएनजी लावलेलं क्रियापद.

थोडा हलका वापरही रूढ आहे. चाळ पुनर्विकासाला गेली, भांडी पोत्यात, देव कापडात गुंडाळलेले, दारात टेम्पो उभा. अशा वेळी ‘वुई आर इन द थ्रोझ ऑफ मूव्हिंग’ म्हणजे घर हलवण्याच्या ऐन धामधुमीत आहोत. लोकल दहा मिनिटं लेट झाली, एवढ्यासाठी मात्र हा शब्द खर्ची घालू नका.