चिमुकल्यांची बागेतली कला: माती, पानं, फुलं आणि दगड

रंगपेटी काढायच्या आधी मोठ्यांनी बागेत एकट्यानेच एक चक्कर मारावी. कण्हेर, धोत्रा, घाणेरी ही विषारी झाडं कुठे आहेत ते बघून ठेवा. ज्यांच्यातून पांढरा चीक येतो, त्यांच्यापासूनही मुलांना लांब ठेवा. बाकी बाग मुलांची. नियम दोनच: गळून पडलेलं आधी उचलायचं आणि तोंडात काही घालायचं नाही. तीन वर्षांखालचं मूल सोबत असेल तर छोटे खडे आणि बिया त्याच्या हाती देऊ नका, घशात अडकतात.

झाडाला चेहरा

मला सगळ्यात आवडणारा प्रकार हाच. यात वाकडंतिकडं झालं तर उलट जास्त छान दिसतं.

१. दोन ओंजळी माती घेऊन तिच्यातले खडे आणि मुळं काढून टाका. पाणी चमच्याचमच्याने घाला. एकदम ओतलंत तर चिखल होतो आणि पुन्हा माती आणायला पळावं लागतं.

२. मळलेल्या मातीची बोटभर वळी करून ती वाकवून बघा. कडं जमलं तर माती तयार. वळी तडकली तर थोडं पाणी घाला. तरीही तडकत असेल तर मातीत वाळू जास्त आहे, दुसरीकडची माती घ्या.

३. खरखरीत सालीचं झाड निवडा. साल ओल्या हाताने पुसा, मग गोळा थापून त्याच्या कडा सालीच्या भेगांत दाबून बसवा. गुळगुळीत खोडावर हे टिकत नाही, थोड्याच वेळात सगळं खाली येतं.

४. डोळ्यांना बिया, नाकाला काडी, केसांना गवत. आमच्या चार वर्षांच्या कलाकाराने तीन डोळे लावले होते. तिसरा कशाला, तर 'मागचं बघायला.' अशा वेळी आपण गप्प बसावं.

खिळे, टाचण्या किंवा गोंद झाडाला लावू नका. नुसती माती पावसात धुऊन जाते, झाडाला काही होत नाही.

जास्वंदीचा जादूचा रंग

लाल जास्वंदीची खाली पडलेली, पण अजून ओलसर फुलं घ्या. पाकळी बोटाने दाबून जाड पांढऱ्या कागदावर घासली की जांभळट डाग उमटतो. याच डागांनी मुलांना काय हवं ते काढू द्या, ढग, मांजर, काहीही. चित्र वाळलं की दोन वाट्या पुढे ठेवा. एकीत लिंबाचा रस, दुसरीत पाण्यात कालवलेला चिमूटभर खाण्याचा सोडा. कापसाच्या बोळ्याने लिंबाचा थेंब टाकला की डाग गडद गुलाबी होतो, सोड्याचा टाकला की हिरवट. पाकळीतलं रंगद्रव्य आम्लात एक रंग दाखवतं आणि अल्कलीत दुसरा. मुलांना एवढं सांगायची घाई करू नका. आधी 'आता काय होईल?' असं विचारा आणि त्यांना चुकू द्या. लिंबाचा हात डोळ्याला लागणार नाही, एवढं बघा. हे रंग उन्हात फिके पडतात, म्हणून आवडलेल्या चित्राचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

पानाचा ठसा

हे पाच मिनिटांचं काम. ठळक शिरांचं पान उलटं ठेवा, म्हणजे शिरा वर येतात. त्यावर पातळ कागद ठेवून चिमट्याने पक्का करा. मेणाच्या खडूचा कागद सोलून खडू आडवा धरा आणि हलक्या हाताने फिरवा. टोकाने घासलं तर कागद फाटतो. सुकून चुरा होणारं पान नको, ताजं गळलेलं घ्या.

रंगवलेले दगड

मुठीएवढे गुळगुळीत दगड ब्रशने घासून धुवा आणि दिवसभर उन्हात वाळवा. ओल्या दगडावरचा रंग पापुद्र्यासारखा निघतो, आणि बहुतेकांची गडबड इथेच होते. आधी पांढऱ्या रंगाचा एक हात द्या, तो पूर्ण सुकला की चित्र. दगड बाहेर ठेवायचे असतील तर ॲक्रिलिक रंग वापरा, पोस्टर रंग पहिल्याच पावसात वाहून जातो. ॲक्रिलिक कपड्यांवर सुकला की निघत नाही, तेव्हा मुलांना जुने कपडे घाला.

दगड कुठे ठेवायचा ते मुलांनाच ठरवू द्या. फक्त हिरवळीत नको. गवत कापायच्या यंत्राच्या पात्यात सापडला तर दगड गोळीसारखा उडतो. कुंडीच्या काठावर किंवा वाफ्याच्या कडेला चालेल.