थंडीचा अंदाज आपल्या शिवारापर्यंत कसा आणायचा

अंदाजात नाशिकचं किमान तापमान 9 अंश असतं आणि निफाड-दिंडोरीकडच्या एखाद्या खोलगट द्राक्षबागेत पहाटे 5 निघतात. अशा वेळी अंदाज चुकला असं म्हणण्याची घाई करू नये. तो आकडा मोठ्या पट्ट्याचा असतो आणि सावलीतल्या, जमिनीपासून सव्वा मीटरवर ठेवलेल्या तापमापकाचा असतो. आपल्या बागेचा आकडा त्यावरून आपल्यालाच काढावा लागतो, आणि तो काढता येतो.

आधी कोणता अंदाज कशासाठी वापरायचा ते ठरवा. हवामान खातं डिसेंबरच्या सुरुवातीला डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज देतं. त्यात फक्त शक्यता असते. 'किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील' याचा अर्थ तीन महिन्यांची सरासरी वर राहील एवढाच. त्याच हंगामात चार दिवसांचा कडाका येऊन मणी तडकू शकतात, म्हणून हा अंदाज वाचून शेकोटीचं सरपण विकून टाकू नका. दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज निघतो. त्यातले पहिले दोन आठवडे फवारणी आणि मजुरांच्या नियोजनाला उपयोगी पडतात. पाणी कधी द्यायचं, शेकोटी कधी पेटवायची हे मात्र पाच दिवसांच्या जिल्हा अंदाजावरच ठरवावं. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला आणि 'मेघदूत' ॲप इथे कामाचं.

एक चूक सर्रास होते. '12 तारखेचं किमान' म्हणजे 12 तारखेच्या पहाटेचं. म्हणजे तयारी 11 तारखेच्या दुपारी व्हायला हवी.

आपल्याकडची थंडी हिमालयात ठरते. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकतात. झंझावात येत असताना आपल्याकडे बऱ्याचदा ढग येतात, वारा आग्नेयेकडून वाहतो आणि रात्री उबदार होतात. लोकांना वाटतं थंडी संपली. झंझावात पूर्वेला सरकला की बर्फावरून आलेला कोरडा उत्तरी वारा राजस्थान, गुजरात, खानदेश असा खाली उतरतो. तेव्हा रोज सकाळी जयपूर, अहमदाबाद आणि जळगावचं किमान तापमान ओळीने बघत जा. जयपूर घसरलं, दुसऱ्या दिवशी अहमदाबाद घसरलं, तर नाशिकसाठी साधारण एक-दोन दिवस हातात आहेत. मधेच दुसरा झंझावात आला तर ही साखळी तुटते, म्हणून ढगांचं उपग्रह चित्रही सोबत बघावं.

आता डोंगर आणि सपाटी. दिवसा उंचीवर हवा थंड असते, पण निरभ्र, वारा पडलेल्या रात्री हिशेब उलटतो. जमीन उष्णता आकाशाकडे सोडून देते, तिला लागलेली हवा गार आणि जड होते आणि पाण्यासारखी उताराने ओघळत खालच्या भागात साचते. त्यामुळे सुमारे 1,350 मीटर उंचीवरचं महाबळेश्वर अशा पहाटे कितीतरी खाली असलेल्या निफाडपेक्षा उबदार असू शकतं. आणि त्याच महाबळेश्वरात गावातला पारा दहाच्या आसपास असताना वेण्णा तलाव-लिंगमळ्याच्या खोलगट भागात स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गाड्यांच्या टपांवर हिमकण दिसतात. गाव तेच, फरक फक्त बशीच्या काठाचा आणि तळाचा. आपल्या शिवारात नाल्याकाठची जमीन, खालच्या अंगाला दाट शेवरी किंवा उंच बांध असलेला तुकडा हा असा तळ असतो. बांधाने अडलेली गार हवा तिथेच बसून राहते. खालच्या बाजूच्या कुंपणात मोकळी फट ठेवली तर तिला वाट मिळते.

अंदाज आणि आपली बाग यांतला फरक असा काढा:

1. कमाल-किमान तापमापक घ्या. बागेच्या सर्वांत खोलगट भागात, सव्वा मीटर उंचीवर, चारही बाजूंनी फटी असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत टांगा. पत्र्याच्या शेडखाली किंवा घराच्या भिंतीला लावलेला तापमापक दोन-तीन अंश चढाच दाखवतो.

2. दुसरा तापमापक उघड्यावर, गवताच्या पात्यांच्या टोकांना टेकेल इतका खाली ठेवा. निरभ्र रात्री तो पेटीतल्यापेक्षा तीन-चार अंश खाली जातो. पेटीत 4 असताना पानावर हिमकण दिसण्याचं कारण हेच.

3. रोज सकाळी साडेआठला किमान आकडा वहीत लिहा, शेजारी अंदाजातला आकडा, आणि रात्र निरभ्र होती की ढगाळ ते. मग तापमापक पुन्हा शून्यावर नव्हे, चालू तापमानावर आणून ठेवा. हे विसरलं की दुसऱ्या दिवशी कालचाच आकडा लिहिला जातो.

4. पंधरा निरभ्र रात्री झाल्या की फरकाची सरासरी काढा. समजा ती 3.5 आली. मग अंदाज 9 असेल तर तुमच्या बागेत 5.5 धरा. ढगाळ रात्रींचा हिशेब वेगळा ठेवा, कारण तेव्हा फरक जवळजवळ मिटतो. दोन्ही एकत्र केले तर सगळी मेहनत वाया जाते.

थंडीच्या लाटेच्या इशाऱ्यावर मात्र विसंबून राहू नका. सपाटीवर किमान तापमान 10 अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा निदान 4.5 अंश कमी, किंवा थेट 4 अंशांपर्यंत उतार, तर लाट. 6.4 पेक्षा जास्त घट झाली, किंवा पारा 2 वर आला, तर तीव्र लाट. डोंगराळ भागासाठी उंबरठा 0 अंशाचा आहे. हे निकष माणसांसाठी आणि विभागासाठी आहेत. द्राक्षाची फुगवण त्याच्या कितीतरी आधी, 8 अंशांच्या आसपास मंदावते. दिवस-रात्रीतली तफावत वाढली की मणी तडकणं आणि पिंक बेरी (हिरव्या मण्यांवर गुलाबी रंग चढणं) हे दोन्ही धोके उभे राहतात. पिंक बेरी टाळायची तर घडांना कागद आधीच लावलेला हवा. रंग चढायला लागल्यावर लावून उपयोग नाही.

संध्याकाळी सहाला तीन गोष्टी बघा. आकाश निरभ्र आहे का, उदबत्तीचा धूर सरळ वर जातो का, आणि ॲपवर दवबिंदू किती आहे. तिन्हींत सगळ्यात दुर्लक्षित तो दवबिंदू. पारा तिथवर आला की दव धरू लागतं आणि घसरण मंदावते. दवबिंदू 10 असेल तर सहसा निवांत झोपावं. 2 असेल तर पारा खाली जायला मोकळी वाट आहे.

अशा रात्रीसाठी जमीन एक दिवस आधी ओली करा. ओली, तणविरहित, दबलेली जमीन दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री सोडते. नुकतीच कुळवलेली, भुसभुशीत जमीन ही ऊब धरत नाही. म्हणून थंडीच्या तोंडावर मशागत करू नये. पहाटे तीनच्या सुमारास ठिबक पुन्हा सुरू करा. बोअरचं पाणी हिवाळ्यातही कोमट असतं, उघड्या शेततळ्याचं नसतं.

शेकोटीत धुरापेक्षा उष्णतेचं महत्त्व जास्त. एकच मोठा ढीग पेटवला तर गरम हवा वरचा उबदार हवेचा थर फोडून निघून जाते आणि बाजूची गार हवा आत ओढली जाते. बांधाबांधाने दहा-बारा लहान शेकोट्या करा. किमान तापमान सूर्योदयाच्या सुमारास येतं, जानेवारीत नाशिककडे सूर्योदय सातनंतर होतो, तेव्हा रात्री अकराला पेटवलेली शेकोटी ऐन वेळी विझलेली असते. साडेतीन-चारला पेटवा आणि ऊन अंगावर येईपर्यंत राखा.

गहू-भाजीपाल्यावर तुषार सिंचनाचे फवारे चालवत असाल तर हिमकण वितळेपर्यंत बंद करू नका. मधेच थांबवले तर पानावरचं पाणी उडताना आणखी ऊब घेऊन जातं आणि नुकसान वाढतं. द्राक्षावर तुषार नकोच, घड ओला राहतो.

दोन-तीन रात्रींनी पुन्हा ढग आले आणि पहाटेचा पारा चार-पाच अंशांनी चढला की शेकोटी थांबवा आणि त्याच सकाळी पानं उलटी करून बघा. डाउनी आणि भुरी हे बुरशीचे रोग याच उबदार, दमट खिडकीत शिरतात. फेब्रुवारीत अशा ढगांसोबत गाराही येऊ शकतात, त्यामुळे त्या आठवड्यात काढणीला आलेला प्लॉट आधी मोकळा करा.