कोकण किनाऱ्यावर लाटांची ऊर्जा कशी मोजावी

कोकणातल्या लाटांचा वार्षिक सरासरी आकडा कुणी हातात दिला, तर आधी तो बाजूला ठेवा. इथला समुद्र वर्षातून दोन वेगळे समुद्र असतो. जून ते सप्टेंबर एक, उरलेले आठ महिने दुसरा. दोघांचा हिशेब स्वतंत्र मांडला तरच लाटांपासून वीज काढणारं यंत्र किती मोठं हवं आणि ते किती दिवस चालेल हे कळतं.

लाटेची शक्ती दर मीटर रुंदीला किती किलोवॉट अशी मोजतात. खोल पाण्यात ती अशी निघते: ०.४९ × लक्षणीय उंचीचा वर्ग × ऊर्जा-आवर्तकाल. लक्षणीय उंची म्हणजे सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी, मीटरमध्ये. आवर्तकाल म्हणजे एका लाटेमागून दुसरी येईपर्यंतचा वेळ, सेकंदांत; ऊर्जा-आवर्तकाल ही त्याची ऊर्जेच्या प्रमाणात धरलेली सरासरी.

उंचीचा वर्ग होतो, म्हणून सरासरी फसवते. समजा पावसाळ्याचे चार महिने उंची २.५ मीटर आणि आवर्तकाल ८ सेकंद, बाकी आठ महिने ०.७ मीटर आणि ७ सेकंद. पावसाळ्यात शक्ती येते २४.५ किलोवॉट, इतर वेळी जेमतेम १.७. महिन्यांच्या प्रमाणात धरली तर वर्षाची सरासरी सुमारे ९.३. पण उंचीची आणि आवर्तकालाची सरासरी आधी काढून मग सूत्रात घातलीत, तर सहाच्या आसपास येतं. तिसरा हिस्सा गायब! म्हणून शक्ती तासातासाची काढा आणि सरासरी सगळ्यात शेवटी.

सुरुवातीला ‘ईआरए५’ (ERA5) या नावाने ओळखली जाणारी युरोपीय पुनर्विश्लेषण माहिती घ्या, म्हणजे जुनी निरीक्षणं आणि मॉडेल जुळवून तयार केलेली. ती फुकट मिळते, तासातासाची आहे आणि १९४० पासूनची आहे. निदान दहा वर्षं उतरवा. एकदोन पावसाळ्यांवरून निष्कर्ष काढू नका. तिच्यातला ‘मीन वेव्ह पिरियड’ हाच ऊर्जा-आवर्तकाल, तो तसाच वापरा. ‘पीक वेव्ह पिरियड’ (शिखर-आवर्तकाल, म्हणजे सर्वांत जास्त ऊर्जा असलेल्या लाटांचा) हाती असेल तर ०.९ ने गुणण्याची पद्धत आहे, पण मार्च ते मेमध्ये ती इथे दगा देते. तेव्हा दक्षिणेकडून आलेली लांब लाट आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यांनी उठवलेली आखूड लाट एकाच वेळी पाण्यात असतात, आणि शिखर-आवर्तकाल एकीवरून दुसरीवर उड्या मारतो. शिवाय ही माहिती जागतिक वेळेत असते. साडेपाच तास मिळवले नाहीत तर दुपारची लाट सकाळी दिसते.

आता हीच माहिती तक्त्यात भरा: उभ्या बाजूला उंची अर्ध्या मीटरच्या टप्प्यांत, आडवा आवर्तकाल एका सेकंदाच्या टप्प्यांत, प्रत्येक घरात तशी लाट किती तास होती ते. असे दोन तक्ते करा, पावसाळ्याचा आणि बाकीचा. यंत्र बनवणारा हेच मागतो.

ईआरए५ च्या लाटांची जाळी अर्ध्या अंशाची, म्हणजे साधारण ५५ किलोमीटरची. जयगडचं खडकाळ भूशिर, मिऱ्याचं वळण, वेंगुर्ल्याची खडकाळ बेटं तिला दिसतच नाहीत. किनाऱ्याजवळच्या आकड्यांसाठी खोल पाण्यातली लाट ‘स्वॅन’सारख्या किनारी लाटांच्या संगणकीय मॉडेलमध्ये घालून आत आणावी लागते. खोलीसाठी नौदलाच्या जलसर्वेक्षण विभागाचे नकाशे वापरा. ‘गेबको’ या जागतिक समुद्रतळ-नकाशाची मोफत जाळी सुमारे साडेचारशे मीटरची असल्याने बाहेरच्या पाण्याला पुरते, खाडीच्या तोंडाशी पुरत नाही. तिथे गाळ साचलेला असतो आणि मऊ चिखल लाटेची ताकद शोषून घेतो. त्याच खोलीच्या खडकाळ तळावर तसं होत नाही.

उथळ पाण्यात सूत्रही बदला. ८ सेकंदांच्या लाटेला ‘खोल’ म्हणावं असं पाणी ५० मीटरपासून लागतं. १५ मीटरवर अशा लाटांचा गट सेकंदाला ७.५ मीटर वेगाने सरकतो, खोल पाण्यात ६.२५. म्हणजे १५ मीटरवर मोजलेल्या उंचीला खोल पाण्याचं सूत्र लावलंत तर उत्तर सहावा हिस्सा कमी येतं. भरती-ओहोटीही धरा. मुंबईकडे उधाणाला पाणी चार मीटरांहून जास्त चढतं-उतरतं, मालवणकडे बरंच कमी. तळाला टेकवलेल्या यंत्राला हा फरक फार जाचतो, तरंगत्याला तितका नाही.

मॉडेलवर विसंबून जागा ठरवू नका. इन्कॉइस या केंद्र सरकारच्या सागरी माहिती संस्थेच्या तरंगत्या मापकांची माहिती मिळाली तर तिच्याशी ताडून पाहा. नाहीतर स्वतःचा मापक १५ ते २० मीटर पाण्यात, पावसाळ्याआधी सोडा. जून ते ऑगस्ट बोट बाहेर काढणं अवघड, म्हणून बॅटरी पूर्ण हंगाम पुरेल अशीच हवी आणि नांगराची दोरी-साखळी नवी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या काळात जाळ्यांचा धोका कमी. ऑगस्टमध्ये ट्रॉलर बाहेर पडले की मापक ओढला जाण्याची भीती सुरू होते. जागा ठरवण्याआधी मच्छीमार सोसायटीत जाऊन विचारा: किती वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाण्यात कुठली जाळी लावता? नकाशावर न दिसणारे खडपेही तेच सांगतील.

टोकाची लाट वेगळी काढा. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्याला समांतर वर गेलं. ईआरए५ च्या इतक्या जाड जाळीत वादळाचं शिखर बोथट होतं, म्हणून ५० किंवा १०० वर्षांत एकदा येणारी लाट ठरवताना वादळांची स्वतंत्र मॉडेलं चालवा. यंत्राचा खर्च ती लाट ठरवते, उत्पन्न रोजची लाट.

अहवालात दर ठिकाणासाठी पावसाळी आणि बिगरपावसाळी शक्ती, यंत्र किमान चालण्याइतकी उंची किती तास मिळते, आणि सलग शांत दिवसांची सर्वांत लांब मुदत किती, हे तीन आकडे सगळ्यात वर द्या. तिसरा बहुतेक लोक विसरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत शामल, म्हणजे अरबस्तानाकडच्या वायव्य वाऱ्यांची लाट अधूनमधून येते, तरी ती मुदत लांबच निघेल, आणि त्या काळात वीज कुठून आणायची हे गावाला आधीच सांगावं लागेल. मालवणजवळ सागरी अभयारण्य आहे आणि सगळ्या किनाऱ्याला सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम) लागू आहे, तेव्हा परवानगीची चौकशी मापक सोडण्याआधी करा.